आमच्या वस्तीवरच्या आशा सेविका ताईंना, माझी मिश्री सुटली त्याबद्दल

ताई, नमस्कार.

समोर सांगायला आलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि लगेच बाळाचं वजन विचारता, म्हणून इथे लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडे मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणारी बाई घरटी एखादी तरी असतेच आणि त्यातल्या कुणाला तरी आत्ता दिवस गेलेले असतील.

सगळ्यात आधी आभार त्या प्रश्नाचे. नाव नोंदवताना सगळीकडे विचारतात, तंबाखू दारू काही आहे का, मी नाही म्हणायचे आणि मला ते खोटं वाटायचं पण नाही, कारण मिश्री म्हणजे दात घासणं असंच लहानपणापासून बघितलेलं. आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, घरभर धूर, आम्ही पोरी खोकत अंगणात पळायचो, पण त्याला व्यसन कुणी म्हणत नव्हतं. व्यसन म्हणजे पुरुषांचं. तुम्ही मात्र विचारलंत, "दात कशाने घासतेस, आणि दिवसातनं किती वेळा?" आणि मी सांगत गेले, सकाळी परसाकडला जायच्या आधी, मग जेवणावर, भांडी झाल्यावर, संध्याकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधी, झोपताना. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळा दात कुणी घासत नाही.

आणि तुम्ही ओरडला नाहीत. त्याआधी एका दवाखान्यात सगळ्या बायकांसमोर मला ऐकवलं होतं की बाळाला विष घालतेस, आई आहेस का कोण. त्याने मिश्री सुटली नाही, मी लपून लावायला लागले आणि त्या दवाखान्याची पायरीच सोडली. गरोदर बाईला लाज वाटली की ती तपासणीलाच यायची बंद होते, हे शिकल्यासवरल्यांना का कळत नाही कुणास ठाऊक. तुम्ही नुसतं सांगितलंत की तंबाखूतलं निकोटीन रक्तात गेलं की शिरा आकसतात, वारेतनं बाळाला जायचं रक्त कमी पडतं, बाळ बारीक राहतं, लवकर पण होऊ शकतं. नंतर मी फोनवर शोधून वाचलं, मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झालेला, २००४ साली छापून आलाय, मिश्री नाहीतर तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपण सहा दिवस आधी. आधीच लहान भरणाऱ्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडं नाही.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचं केंद्र असतं हे मला तुमच्यामुळे कळलं, आणि तुम्ही नुसता पत्ता देऊन मोकळ्या झाला नाहीत, एसटीत माझ्या शेजारी बसून आलात. तिथल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं की पोटात बाळ असताना गोळ्या नाहीतर निकोटीनचं च्युइंगगम असं आपल्या मनाने घ्यायचं नाही, आधी बोलून, सवय मोडून बघायचं, आणि पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप येत नाही, मग हळूहळू उतरतं. आधी माहीत होतं म्हणून मला निभावलं, नाहीतर मला वाटलं असतं काहीतरी भलतंच होतंय.

पण खरी अडचण पोट साफ व्हायची होती आणि ती तुम्हीच ओळखलीत. बायका मिश्री सकाळी कशासाठी लावतात हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. मिश्री बंद केली की पोट बसतं, त्यात माझं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू, त्यांनी अजून बसतं, मग बाई एकतर गोळ्या सोडते नाहीतर परत डबी उघडते. तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंत, मला सांगायची लाज वाटत होती. त्यांनी औषध दिलं, पाणी, पालेभाजी, भाकरी वाढवायला लावली, आणि गोळ्या चालूच राहिल्या. एवढी साधी गोष्ट पण तिच्यावर सगळं अडलं होतं.

आणि आमच्या आत्या. घरात सासूची डबी मोरीतच ठेवलेली असेल तर सुनेची कशी सुटणार? तुम्ही त्यांना सोडा म्हटलं नाहीत, साठ वर्षांच्या बाईला असं सांगून घरात भांडण लागलं असतं. "नातवंडासाठी डबी तेवढी गोठ्यात ठेवा आणि तिकडेच लावा" एवढंच म्हणालात. त्या अजून लावतात, पण घरात नाही, आणि घरात भाजणं पण बंद झालंय. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, पण जी वस्तू तव्यावर घरीच तयार होते तिच्यावर बंदी कोण आणणार, तिथे तुमच्यासारखी घरात येऊन बसणारी बाईच लागते.

बाळ झाल्यावर मला वाटलं सुटलं एकदाचं. उलट तेव्हाच तलफ जास्त आली, रात्र रात्र जागरण, अंग मोडून आलेलं, आणि भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या आता काय, बाळ झालं की, लाव आता. दुधातनं निकोटीन बाळाच्या पोटात जातं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा बेचाळीस दिवसांपर्यंत नेमाने आलात, बाळाला काट्यावर घातलंत, ताप बघितलात, आणि दर वेळी उठताना हळूच विचारलंत, "तलफ येते का गं?" येते म्हटलं तरी तुमच्या कपाळावर आठी नाही. पाणी घोटघोट पी, बडीशेप चघळ, घडीभर जाऊ दे, आणि रात्री फारच झालं तर सकाळी तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ ला, फोन लाव, पैसे पडत नाहीत. मी लावला पण होता. मराठीतच बोलले, मला रडू आलं तरी फोन ठेवला नाही.

या घरभेटी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून सुरू केल्या, मग देशभर झाल्या, हे मी आता वाचलं आणि मला तुमचा फार अभिमान वाटला. २०२४ ला तुमच्यासारख्या हजारो आशा मानधनासाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या. माझ्यासोबत दिवस घालवायचे तुम्हाला किती पैसे मिळाले असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसत्या हसलात. मला ते हसणं आवडलं नाही ताई. तुमचं काम मोफतचं नाहीये, ते मोजलं गेलं पाहिजे आणि वेळेवर दिलं गेलं पाहिजे.

बाळाचं वजन अडीच किलोच्या वर भरलं होतं. ते मिश्री सोडल्यानेच असं मी छातीठोक नाही सांगणार, पण माझ्याकडनं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं आणि ते तुमच्यामुळे झालं. मनापासून आभार.

अजून एक. माझ्या धाकट्या जावेला तिसरा महिना लागलाय, ती पण लावते, तिने मला स्वतःहून सांगितलंय. येत्या नऊ तारखेच्या तपासणीला मी तिला घेऊन येते, घाबरलीये, तेव्हा तुम्ही आधी तिच्याशी बाजूला बसून बोला.

तुमची,
माळावरच्या घरची थोरली सून