राणीच्या बागेतल्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव विचारलं तर तुम्ही नुसतं ‘माळी म्हणा’ म्हणालात. म्हणून हे आभार असे सगळ्यांदेखत.

त्या रविवारी पेंग्विनची रांग हलायला तयार नव्हती. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत होते आणि आमचे चिरंजीव भोकाड पसरायच्या बेतात. तुम्ही हातातला पाइप वाफ्यात सोडलात, आईंना सावलीतलं बाकडं दाखवलंत आणि पोराला म्हणालात, “चल, तुला नाग दाखवतो.”

नाग म्हणजे कैलासपतीचं फूल. खोडालाच लगडलेली ती फुलं मी आजवर लांबूनच पाहिलेली. तुम्ही खाली पडलेलं एक उचलून त्याच्या तळहातावर ठेवलंत. जाड गुलाबी पाकळ्या, मधोमध पिंड आणि तिच्यावर झुकलेला केसरांचा फणा. वास तर असा की हात धुतले तरी बोटांना राहिला. वर लटकलेली तोफगोळ्यांसारखी फळं दाखवून ‘याखाली कधी बसायचं नाही’ अशी तंबीही दिलीत. फळ फुटल्यावर काय घाण सुटते हे सांगताना तुम्ही नाक मुरडलंत, त्याची नक्कल अजून घरात चालू आहे.

मग आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच. आम्ही सगळ्यांनी हात धरले तरी खोड काही कवेत येईना. आणि उर्वशी! मूळची म्यानमारची. लाल फुलांचे घोस खाली सोडलेले, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. तिची तांबूस कोवळी पानं मरगळून लोंबत होती. आई हळहळल्या, “पाणी कमी पडलं का हो?” तुम्ही हसलात. “नाही आजी, तिची पालवीच अशी. हिरवी झाली की ताठ होईल.”

ही बाग १८६२ साली उघडली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. आपण मात्र तिकीट काढतो ते पिंजऱ्यांसाठी. सोलहून २०१६ मध्ये आलेले पेंग्विन आम्ही नंतर पाहिलेच, आणि गोड आहेत ते, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण घरी आल्यावर गप्पा निघाल्या त्या झाडांच्याच.

निघताना तुम्ही म्युझियमकडचा रस्ता दाखवलात, म्हणून घारापुरीचा दगडी हत्तीही पाहून झाला. शिवाय फोर्टातला मूळ काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ पासून इथे भायखळ्यात उभा आहे, ही बातमी चिरंजीवांनी शाळाभर केली. बाईंनाही ठाऊक नव्हतं म्हणे.

आता आमच्या इमारतीतली चार-पाच पोरं मागे लागली आहेत. बुधवारी बाग बंद, तेव्हा शनिवारी सकाळी घेऊन येते. तुम्ही कामात असाल तर लांबूनच हात करू; पण नागाचं फूल पडलेलं असेल तर तेवढं बाजूला काढून ठेवा.

तुमची,
लालबागची एक सून