आमदार नसलेल्या बेटावरून

कवरत्ती, लक्षद्वीप

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलं, "एवढ्याशा बेटाचा खासदार करते तरी काय? अन् दिल्लीत सरकार कोणाचंही आलं तरी त्या लोकायले काय फरक पडते?" रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. तसंही ते फोनवर मावणारं नव्हतं. आई, राजकारण आहे म्हणून पत्र बाबांकडे सरकवू नकोस, पाण्याचं खाली लिहिलंय.

लक्षद्वीपमध्ये बेटं ३६, त्यातली वस्तीची १०. सगळी जमीन गोळा केली तर ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत माणसं ६४,४७३. २०२४च्या लोकसभेला इथं ५७ हजारांच्या वर मतदार होते आणि आपल्या गडचिरोली-चिमूरमध्ये १६ लाखांच्या वर. मतदान दोन्हीकडे एकाच दिवशी, १९ एप्रिलला. खासदार निधी दोघांनाही सारखाच, वर्षाला ५ कोटी. म्हणजे इथं मतदारामागे साडेआठशेच्या वर पडतात आणि आपल्याकडे तीस-एकतीस रुपये. ऐकून वाटेल की मजा आहे या लोकांची.

पण आरमोरीत रस्ता खचला तर तुम्ही सरपंचाला धरता, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मग आमदार. खासदारापर्यंत जायची पाळी क्वचितच येते. लक्षद्वीप केंद्रशासित, इथं विधानसभाच नाही. आमदार नाही, पालकमंत्री नाही, मुख्यमंत्री नाही. खाली पंचायत आणि तिच्या डोक्यावर थेट प्रशासक. घटनेच्या कलम २३९ प्रमाणे त्याला राष्ट्रपती नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार. त्याला ठरलेली मुदत नाही. शिवाय कलम २४० आहे. त्याखाली राष्ट्रपती या बेटांसाठी विनियम काढू शकतात, आणि इथं लागू असलेला संसदेचा कायदासुद्धा त्या विनियमानं बदलता येतो. त्यामुळं इथला मतदार आपला खासदार निवडतो खरा, पण त्याचा कारभार ठरतो तो बाकीच्या ५४२ जागांवर.

२०२१मध्ये हे उघड दिसलं. डिसेंबर २०२०मध्ये प्रफुल्ल पटेल प्रशासक झाले. (गोंदियाचे नव्हेत बरं का. हे प्रफुल्ल खोडा पटेल, गुजरातचे माजी मंत्री. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचा कारभारही त्यांच्याकडेच.) काही महिन्यांत चार विनियमांचे मसुदे आले: जमीन आणि नगररचनेचा, आपल्या एमपीडीएसारखा (गुंडांविरुद्धचा कायदा) खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध ठेवण्याचा, गोवंशाच्या कत्तलीबाबतचा आणि दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला पंचायत निवडणूक लढवू न देण्याचा. तुम्ही म्हणाल, दोन मुलांची अट आपल्याकडे २००१ पासून आहेच. आहे. पण ती आपल्या विधिमंडळात मंजूर झाली, आपल्या आमदारांच्या हातानं. इथं हात वर करायला कोणी नव्हतंच. त्याच मे महिन्यात शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी, पशुपालन ही खाती जिल्हा पंचायतीकडून काढून प्रशासनानं स्वतःकडे घेतली. लोक रस्त्यावर आले, केरळच्या विधानसभेनं प्रशासकाला परत बोलवा असा ठराव केला, लोक केरळ उच्च न्यायालयात गेले. केरळच्या ठरावाचा उपयोग सहानुभूतीपुरता, कारण लक्षद्वीप केरळमध्ये नाही. दाद मागायला उरलं ते कोर्टच.

मग खासदार कशाला? तर प्रश्न विचारायला, मंत्र्यांच्या दारात बसायला आणि आरडाओरडा करायला. त्यालाही किंमत आहे, आणि लोकांना ती कळते. २०२४ला मतदान ८४ टक्क्यांच्या वर गेलं. १९६७ पर्यंत इथला खासदारसुद्धा राष्ट्रपतीच नेमत. त्यानंतर पी. एम. सईद सलग १० वेळा निवडून आले आणि २००४मध्ये ७१ मतांनी पडले. ७१ मतं म्हणजे आपल्या टोलीवरचीसुद्धा नाहीत. २०१९चा फरक ८२३ मतांचा. २०२४ला सईद यांचे चिरंजीव हमदुल्ला काँग्रेसकडून २,६४७ मतांनी आले. गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रवादीचे दोन्ही गट इथंही एकमेकांसमोर होते. शरद पवारांच्या गटाचे मोहम्मद फैझल दुसरे आले आणि अजितदादांच्या उमेदवाराला २०१ मतं पडली. खासदार बदलला, दिल्लीतलं सरकार बदललं नाही, म्हणून प्रशासकही तेच राहिले.

आता खरी गोष्ट, जी टीव्हीवर कोणी सांगत नाही: निवडणुकीचं वेळापत्रक आणि समुद्राचं वेळापत्रक.

१५ मे ते १५ सप्टेंबर हा इथं खवळलेल्या समुद्राचा काळ. मालाच्या लहान गलबतांना तेव्हा बंदी असते. सिमेंट, लोखंड, खडी, तांदूळ, डिझेल सगळं कोची, बेपूर नाही तर मंगळूरहून येतं, आणि अवजड माल मेच्या मध्यापर्यंत उतरवून घ्यावाच लागतो. पर्लकोटेला पूर येण्याआधी भामरागडकडं पावसाळ्याचं रेशन पोचवतात ना, तसंच; फक्त इथं नदी उतरायची वाट चार महिने बघायची. २०२४ला आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकालानंतर ६ जूनला उठली. चालू काम चालू राहतं, पण नवीन काम जाहीर करता येत नाही आणि नव्या निविदेला आयोगाची परवानगी लागते. म्हणजे जेट्टीच्या दुरुस्तीचा कार्यादेश जानेवारी-फेब्रुवारीत निघाला नसेल तर ते काम त्या हंगामातून गेलंच. आचारसंहिता उठते तेव्हा समुद्र बंद. त्यात निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत नुसतं लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी असते. पूर्ण अर्थसंकल्प त्या वर्षी २३ जुलैला आला, तोही भर पावसाळ्यात. पैसा मंजूर होतो आणि माल आणायला वाट नसते. काम सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडतो. धानाचा रोवणा होऊन गेल्यावर पऱ्हे (रोपं) मिळून काय करायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२९ची निवडणूक वेळेवर झाली तर तीही याच महिन्यांत येईल.

जहाजांचंही असंच. मुख्य भूमीपासून बेटं २२० ते ४४० किलोमीटर. कोचीहून १४ ते २० तास लागतात. सगळ्यात मोठ्या 'एमव्ही कवरत्ती'त ७०० माणसं बसतात, बाकीच्या जहाजांत त्याहून कमी. प्रवासी जहाजाला दरवर्षी तपासणी करून प्रमाणपत्र नवं करावं लागतं, त्यासाठी ते गोदीत जातं. दोन जहाजं एकदम गोदीत गेली की तिकिटासाठी मारामार. बहुतेक ठिकाणी मोठं जहाज बेटाला लागतच नाही, प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं. त्याच्या पोटातलं दार उघडतं, खाली लहान बोट वर-खाली होत असते. ती लाटेबरोबर वर आली की खलाशी दंडाला धरून माणसाला खेचून घेतात. एक लाट चुकली तर पुढचीची वाट बघायची. म्हातारी माणसं, बाळंतीण, पेशंट सगळे याच दारातून. किती जहाजं, कोणत्या बंदरातून, किती भाड्यानं, हे प्रशासन ठरवतं आणि पैसा केंद्राचा. म्हणून इथल्या प्रचारात पहिला मुद्दा जहाजाचा असतो, मंदिर-मशीद नंतर.

आई, आता पाण्याचं. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. मोटर लावून जास्त उपसा केला की खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते. म्हणून कवरत्तीत २००५मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प बसवला, रोज १ लाख लिटरचा. ११ हजारांच्या गावाला माणशी नऊ लिटर, पिण्या-रांधण्यापुरतं. वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळं न तापवताच थोडं वाफ होतं. साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेलं थंडगार पाणी नळ्यांतून फिरवायचं, त्या नळ्यांवर वाफ निवली की गोडं पाणी. दुखणं येतं ते त्या लांब थंड पाइपला आणि पंपांच्या विजेला. वीज मुख्यतः डिझेलवर आणि डिझेल जहाजानं. पाइपाचं काही बिघडलं तर समुद्र शांत झाल्याशिवाय हात लावता येत नाही. हा सगळा प्रकल्प केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालच्या संस्थेनं उभारलेला, त्यामुळं नळाचा सुटा भागसुद्धा शेवटी दिल्लीच्या तरतुदीवर.

राहिली जमीन. बाहेरच्याला इथं जमीन घेता येत नाही आणि परवान्याशिवाय यायलाही मनाई. पण सरकारला घेता येते. जुलै २०२५मध्ये प्रशासनानं बित्रा हे बेट संरक्षणाच्या कामासाठी घेण्याच्या दृष्टीनं सामाजिक परिणामांची पाहणी जाहीर केली. २०११मध्ये तिथं २७१ माणसं होती. वडसा-गडचिरोली रेल्वेच्या वेळी तुम्ही भूसंपादन पाहिलंय. सरकार स्वतःच्या कामासाठी जमीन घेतं तेव्हा ७०-८० टक्के संमतीची अट लागत नाही. आपल्याकडे शेत गेलं तर माणूस गावात राहतो. बित्रात बेटच गाव आहे. खासदारानं विरोध केलाय, निर्णय दिल्लीचा. सरकार कोणाचंही असो, संरक्षणाच्या नावावर फार फरक पडेल असं मला वाटत नाही. प्रशासक कोण येतो आणि पंचायतीला खाती परत मिळतात का, यात मात्र पडू शकतो.

तेव्हा बाबा, २०२९ला लक्षद्वीपचा निकाल टीव्हीवर दोन सेकंद दाखवतील, तो बघा, पण नंतर महिनाभरानं प्रशासक बदलला का तेही पेपरात शोधा. आणि आई, सांडगे-पापडाचं पार्सल टाकायचं असेल तर एप्रिल संपायच्या आत टाक, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. त्यानंतर ते कोचीतच पडून राहील आणि सादळेल.

तुमची,
मंदा