मुक्ताला, उलव्याच्या पत्त्यावर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की दोघींचाही आवाज चढतो, म्हणून लिहितेय. मंगळवारी रात्री जे झालं त्यावर मला काही बोलायचं नाही. नाना म्हणाले, पोरीने स्वतःचं ऑफिस थाटलंय, तिला चार कामाच्या गोष्टी लिही. तेवढ्याच लिहिते.

पोर्टलवर तू टाकलेल्या सगळ्या जागा मी बघितल्या. फोटो छान आलेत. दिवसाउजेडी काढलेस, ओटा नीट दिसतो. बायका आधी तोच बघतात. कार्पेट एरिया स्पष्ट लिहिलास हे फार बरं केलंस. पण एका वन बीएचकेच्या खिडकीतून जे दिसतंय ते उलवे नव्हे, खाडीच काय पण डोंगरही वेगळा आहे. मालकाने पाठवलेला फोटो तसाच चढवलास ना? ज्या जागेची चावी तू हातात घेतली नाहीस, ती तुझ्या नावाखाली टाकू नकोस. एजंटांच्या ग्रुपवर एकच फ्लॅट दहा जण फिरवतात आणि दहाही जण वेगळं भाडं सांगतात. आणि गेलेली जागा त्याच दिवशी काढून टाक. फोन येत राहावेत म्हणून ठेवलेली जाहिरात गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते.

जाहिरातीत नंबर मात्र तुझा कॉलेजपासूनचाच आहे. त्यावर तुझा फोटो आहे, स्टेटसला चिनूच्या मुंजीचे फोटो आहेत, घरातली सगळी माणसं दिसतात. धंद्यासाठी वेगळं सिम घे आणि व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर चालव. कॅटलॉगमध्ये जागा टाकता येतात, ठरलेली उत्तरं साठवता येतात, आणि रात्री तो फोन बंद ठेवता येतो. रात्रीचा तो बंदच ठेवत जा. रात्री साडेआठ ही काही जागा दाखवायची वेळ नव्हे, मुक्ता. अकरावा मजला, इमारतीत निम्म्या खिडक्या अंधारात, आणि बरोबरच्या माणसाचं तुला पोर्टलवरचं नाव तेवढं ठाऊक.

नाही लिहायचं म्हणता म्हणता लिहिलंच. मला कळतं गं, तीच चौकशी पोर्टल आणखी चार जणांकडे पाठवतं. तू ‘उद्या’ म्हणालीस तर दुसरा आजच दाखवतो. मी ठाण्याच्या नौपाड्यात धंदा केला तेव्हा गिऱ्हाईक कुणाचं तरी बोट धरून यायचं. पहिल्या भेटीतच त्याची आत्या, बँक, गाव सगळं कळायचं. जिना चढताना मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही. तुझ्याकडे माणूस स्क्रीनवरून येतो. त्यात तुझा दोष नाही, आता धंदा असाच आहे.

सातवीत होतीस तेव्हा माझ्या लाल वहीतल्या जागा तू कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्यास. मालकाचं नाव, मजला, भाडं, चावी कुणाकडे, असे रकाने केलेस आणि मला म्हणालीस, आई, आता नुसतं ‘चावी’ शोध. शेजारच्या कुलकर्णी काकूंना मी ते किती दिवस दाखवत होते. घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने २०२४ पासून एजंटांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं तेव्हाही माऊस धरून मला सरावपरीक्षा सोडवायला तूच बसवलंस. तुझा निकाल आला त्या दिवशी मी काही बोलले नाही, पण त्याची प्रिंट माझ्या कपाटात आहे.

उलव्याचं मात्र ठाण्यासारखं नाही, हे लक्षात ठेव. तिथली जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची, भाडेपट्ट्यावरची. रिसेलला सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क येतं, ते टोकन घेण्याआधी पार्टीला सांग. साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे जमीन गेलेल्या गावकऱ्यांना मिळालेल्या प्लॉटवरची इमारत असेल तर कागद दोनदा वाच. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र माग. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा काढून मालकाचं नाव स्वतः पडताळ. नवा प्रकल्प असेल तर जाहिरातीवर महारेरा नंबर आणि क्यूआर कोड हवाच, आणि तो कोड आधी स्वतः स्कॅन करून बघ. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. ‘आज बुकिंग, आज ऑफर’ म्हणणाऱ्यापुढे हे ठामपणे बोल. विमानतळ आणि अटल सेतू यांचं नाव घेऊन तिथे काहीही विकलं जातंय, तू त्यातली होऊ नकोस.

भाडेकरूंचे आधार घेतेस ते झाकलेले घे, शेवटचे चार आकडे दिसतात तेवढे. करार झाला की फोनमधून काढून टाक. ‘मी फौजेत आहे, जागा न बघताच डिपॉझिट पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला तर लगेच कट कर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तुला हे येतं, माझ्याहून जास्त येतं. शिकवत बसले, रागावू नकोस.

एवढंच कर. नवीन माणूस असेल तर आधी व्हिडिओ कॉलवर जागा दाखव. निम्मे तिथेच गळतात आणि समोरच्याचा चेहराही तुला दिसतो. मग ऑफिसात बोलव, नाव-पत्ता घे, वॉचमनच्या वहीत नोंद करायला लाव, आणि निघताना मला लाइव्ह लोकेशन टाक. तू म्हणालीस, आई, तू माझ्यावर पाळत ठेवणार. आठ तासांचं मागत नाही, व्हॉट्सॲपवर एका तासाचंही असतं. दार आतून लावून घेऊ नकोस, तू दाराजवळ राहा, त्याला आत फिरू दे. मंगळवारी फोन लागत नव्हता तेव्हा नाना चपला घालून बसले होते. कुठे जाणार होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसरं म्हणजे, विष्णूनगरमधल्या जोश्यांच्या मुलाला विमानतळावर नोकरी लागलीय. त्याला बामणडोंगरी किंवा खारकोपर स्टेशनजवळ भाड्याने जागा हवीय. तुझा नंबर दिलाय, नवा घेतलास की तो कळव. ब्रोकरेज पूर्ण तुझंच, त्यात माझं काही नाही. रविवारी सकाळी येतील म्हणाले, आई-वडील आणि तो, तिघंही. ओळखीची माणसं आहेत.

तुझी,
आई