ओटा फोडल्यावरचे ४७ दिवस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संक्रांत झाली की आमच्या मंगळवार पेठेत कुठल्या ना कुठल्या घरासमोर वाळूचा ढीग पडतो. पाडव्याच्या आत काम उरकावे आणि चटणीच्या दिवसांत घर मोकळे असावे, असा त्यामागे हिशेब असतो. यंदा तो ढीग आमच्या दारात होता. चाळीस वर्षांहून जुने स्वयंपाकघर आम्ही फोडून नव्याने बांधले. २१ दिवसांत होईल असे ठरलेले काम ४७ दिवस चालले आणि तेवढे दिवस सहा माणसांचे आमचे कुटुंब त्याच घरात राहिले, जेवले आणि पुष्कळ हसले. त्या हसण्याविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे, कारण अशा कामाला किती खर्च आला हे सगळे विचारतात, पण त्यातून घरातली माणसे एकमेकांशी धड बोलत बाहेर कशी पडली, हे फारसे कोणी विचारत नाही.

काम काढले ते हौसेने नव्हे. कोपऱ्यातल्या मोरीचे पाणी मुरून शेजाऱ्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत उतरत होते आणि त्यांच्या देवघरामागचा गिलावा फुगून पडू लागला होता. मोरी उखडायची तर शहाबादी फरशी निघणार, फरशी निघाली की कडाप्प्याचा ओटा हलणार, असे करत अख्खे स्वयंपाकघरच निघाले.

खोली रिकामी करायला दोन दिवस लागले. भांडे हरवलेली ११ झाकणे निघाली, आणि प्रत्येक झाकण हातात घेऊन ते कोणत्या पातेल्याचे, ते पातेले कोणाच्या लग्नात कोणाला गेले, हे सासूबाईंनी सांगितले, तेव्हा आवराआवर बाजूला राहून सगळे घर त्यांच्याभोवती बसून ऐकत होते. त्यानंतर चटणीच्या बरणीचा प्रश्न आला. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धने आणि खडा मसाला हे भाजून-तळून, कांडपावर कुटून आणून बरणीत दाबून भरलेली ही चटणी आमच्याकडे वर्षभर पुरवतात आणि ती संपली तर आमटीपासून रश्श्यापर्यंत सगळा स्वयंपाक अडतो. सिमेंटच्या धुळीपासून ही बरणी कुठे ठेवायची यावर मुलगा कपाट सुचवत होता, सून माळा सुचवत होती. सासूबाईंनी ती उचलून स्वतःच्या उशाशी ठेवली आणि म्हणाल्या, “पैसं कपाटात ऱ्हाऊ द्यात, चटणी माझ्यापाशी.” त्या स्वतःही हसल्या आणि आम्हीही हसलो, पण बरणी ४७ दिवस तिथेच राहिली आणि तीत धुळीचा एक कणही गेला नाही.

तात्पुरते स्वयंपाकघर सोप्यात मांडले. इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण अनेक घरांत शेगडी बैठकीच्या खोलीत आणताना काळजी घेतली जात नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साठतो. त्यामुळे सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्याहून उंच असावी आणि हवा खालून वाहती राहील असे दार उघडे असावे. आम्ही पडदे काढले, रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम एकाच माणसाकडे दिले आणि याच निमित्ताने नळीवरची तारीख पाहिली, तर पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. नळी त्याच दिवशी बदलली. गळतीची तक्रार कुठूनही १९०६ या क्रमांकावर करता येते, तो क्रमांक नातीने मोठ्या अक्षरात लिहून दाराला चिकटवला.

सोप्यात कुकर आल्याने आमच्या यजमानांच्या दिनक्रमात मोठा बदल झाला. ते ज्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचतात तिच्यापासून शेगडी दोन हातांवर होती, म्हणून शिट्ट्या मोजण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे गेले. ते वाचता वाचता प्रत्येक शिट्टीला पानाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारू लागले. पाहुणे आले, बोलणे रंगात आले आणि मध्येच त्यांनी हात वर करून “तिसरी” म्हटले, की पाहुण्यांसह सगळे हसत सुटायचे. दूध तापवायला जागा नसली तर संध्याकाळी ते नातीला घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जात आणि समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन दोघे फेसाच्या मिशांसकट घरी येत.

हे सगळे गोड वाटते, पण पहिल्या आठवड्यात एक गोष्ट चुकत होती आणि तीच सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. घराच्या कामातली गैरसोय सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ओटा नसला म्हणून नातीचा सकाळचा डबा चुकत नाही, सासूबाईंची भाकरी चुकत नाही, आणि मोरी नसल्यामुळे सहा माणसांची भांडी न्हाणीत उकिडवे बसून घासावी लागतात. जेवताना सगळे मिळून हसत होतो, पण पाने उचलली की न्हाणीत मी आणि सून दोघीच असायचो. चौथ्या दिवशी कसल्याशा गमतीवर सगळे हसत असताना सुनेच्या डोळ्यांतून एकदम पाणी आले. कोणाला काही कळेना. तेव्हा सासूबाईंनी आपल्या नातवाकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, पाहून सांगितले, “हसायला येतंय न्हवं, मग ताट बी उचलायला येतंय.”

त्या रात्रीपासून भांड्यांच्या पाळ्या लागल्या आणि त्या शेवटपर्यंत टिकल्या. स्वयंपाकघर बंद म्हणजे घरच्या बाईला सुट्टी, अशा अर्थाचे विनोद मोबाईलवर सारखे फिरत असतात. ते मला पटत नाहीत. ज्या माणसाच्या कमरेला त्या कामाची कळ लागली आहे, त्याला हसू येईल असाच विनोद अशा दिवसांत घराला तारतो, आणि तसा विनोद कष्ट वाटून घेतल्याशिवाय सुचत नाही, असा माझा अनुभव आहे. मुलाने पहिल्यांदा भाकरीच्या पिठाची परात घासली आणि वाळलेले पीठ नखाने खरवडत “हे सिमेंटपेक्षा पक्के आहे” असे तो म्हणाला, तेव्हा सर्वांत मोठ्याने सून हसली.

पूर्वेकडच्या भिंतीचा गिलावा सर्वांत शेवटी खरवडायचा होता. जाणारच आहे म्हणून नातीला तिच्यावर खडूने लिहायची मुभा दिली आणि ती भिंत आमची रोजनिशी झाली. कोणी काय म्हणाले, कोणाच्या चहात वाळू आली, हे सगळे ती लिहू लागली. तिथेच तिने ‘उद्या’ असा शब्द लिहिला आणि गवंडीमामा ज्या दिवशी “उद्या करतो” म्हणतील त्या दिवशी एक रेघ, असा क्रम सुरू केला. सात रेघा झाल्यावर ते मामांच्या लक्षात आले. त्यांनी थापी खाली ठेवली. रागावून मला काही म्हणाले असते तरी चालले असते, पण ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, भिंतीला पाणी पाजल्याबिगर ती अंग धरत न्हाई.” सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, घाई केली तर तडे जातात. मोरीच्या जागी ओल-रोधक थर दिल्यावर त्यात दोन दिवस पाणी साठवून ते खाली उतरते का हे पाहावे लागते, आणि आमच्या कामाचे तर मूळ कारणच ते होते. सात रेघांपैकी पाच रेघा या वाट पाहण्याच्या होत्या. मला वाईट वाटले. नातीला जवळ घेऊन समजावले, तिने ‘उद्या’ पुसले आणि त्या जागी ‘भिंत पाणी पिते आहे, दिवस तिसरा’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः खडू मागून घेतला आणि खाली आपल्या हाताने ‘घरच्यांनी टाईल बदलली’ असे लिहून एक रेघ मारली. शेवटी त्या नोंदीपुढे चार रेघा झाल्या. चारही खऱ्या होत्या, आणि उशिराचा मोठा भाग त्यांतूनच आला होता.

टाईलबद्दल एवढेच सांगते, की प्रत्येक खोक्यावर रंगछटेचा आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, तो दुकानातच जुळवून घ्यावा. आमच्या दोन खोक्यांचा क्रमांक वेगळा निघाला आणि लावून झालेल्या दोन ओळी उतरवाव्या लागल्या. तुटफुटीसाठी थोड्या जास्त टाईल एकदमच घ्याव्यात, नंतर तीच छटा मिळेलच असे नाही.

ओट्याची उंची ठरवण्याचा दिवस मात्र सर्वांच्या कायम लक्षात राहील. सासूबाई चार फूट दहा इंच, मी पाच फूट तीन इंच, सून पाच फूट सहा इंच. ठरीव मापाचा ओटा केला तर तिघींपैकी दोघींची पाठ जन्मभर दुखणार. कापणे-चिरणे कोपराच्या चार-सहा इंच खाली बरे पडते, पण भाकरी थापायला आणि कणीक तिंबायला हातावर भार द्यावा लागतो, म्हणून त्याहून खालची जागा लागते. आम्ही टेबलावर रद्दीचे गठ्ठे रचले, वर पाट ठेवला आणि एकेकीने पीठ मळून पाहिले. गठ्ठे वर-खाली होत राहिले. मग यजमान आणि मुलगा यांनाही मळायला लावले, कारण आता पाळीत तेही होते. यजमानांनी पीठ इतके सैल केले की त्याची धिरडीच करावी लागली. ती सगळ्यांनी आवडीने खाल्ली आणि त्याच रात्री माप ठरले. मुख्य ओटा ३४ इंच, आणि टोकाचा तीन फूट लांबीचा भाग ३० इंच. जुना कडाप्प्याचा ओटाही ३० इंचच होता. सासऱ्यांनी तो पत्नीच्या उंचीला मोजून बांधून घेतला होता, हे सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

दोन गोष्टींवर मात्र आमच्या घरात कोणी हसले नाही. पहिली धूळ. ग्रॅनाईट आणि टाईल कोरड्या कटरने कापताना जी बारीक पांढरी पूड उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. आमच्याकडे कापणीला आलेला मुलगा विशीतला होता आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून बसला होता. आम्ही कापणी परसात नेली, पात्यावर पाण्याची बारीक धार सोडायला सांगितले आणि चांगले मास्क आणून दिले. काम थोडे सावकाश झाले. आपल्याला ही धूळ ४७ दिवस खायची असते, त्याला ती रोजच खायची आहे, एवढे घरमालकांनी ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट राडारोड्याची. टेम्पोवाल्याने रात्री कुठे तरी टाकून येतो म्हटले, तेव्हा ‘कुठे तरी’ म्हणजे कुठे, हे आम्ही विचारले आणि त्याला उत्तर देता आले नाही. रस्त्याला, नागरिकांना किंवा गटारांना अडथळा होईल अशा रीतीने राडारोडा टाकू नये आणि तो वेगवेगळा करून ठेवावा, अशी जबाबदारी केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. शिवाय जयंती नाल्यात पडलेली वीट अखेर पंचगंगेच्या वाटेवरच जाते आणि २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या या गावाला नाले तुंबण्याचा अर्थ निराळा सांगायला नको. आमच्या विटा आणि चुरा नात्यातल्या एका घराच्या जोत्यात भर म्हणून गेला, कडाप्प्याच्या तुकड्यांची परसात बसायला पायरी झाली. प्रत्येकाला अशी सोय नसते. म्हणून घरगुती राडारोडा कोठे द्यायचा, त्यासाठी किती पैसे भरायचे आणि कोणाशी बोलायचे, याची माहिती महापालिकेने प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी, आणि आपणही ती आपल्या वृत्तपत्रात ठळकपणे द्यावी.

शेवटच्या दिवशी नव्या शेगडीवर दूध उतू घातले आणि गवंडीमामा, प्लंबर, सुतार आणि कापणीचा तो मुलगा यांना जेवायला बसवले. तांबडा-पांढरा रस्सा होता. त्यासाठी उशाशी ठेवलेली बरणी सासूबाईंनी स्वतः उघडली. पूर्वेच्या भिंतीचा गिलावा खरवडताना मामांनी न सांगता फडताळाच्या जागी वीतभर तुकडा तसाच राखला होता. त्यावर नातीचे ‘भिंत पाणी पिते आहे’ आणि त्यांच्या हातच्या चार रेघा आहेत.

आता सामाईक भिंत कोरडी झाल्यामुळे शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूचा गिलावा काढायला घेतला आहे. आमच्या ४७ दिवसांत त्यांच्याकडून किती वेळा झुणका-भाकरी आली ते भिंतीवर लिहिलेले होते, पण ती बाजू खरवडली गेली. सोप्यातली एकचुलीची शेगडी आणि रद्दीचे गठ्ठे काल त्यांच्याकडे पोचवले, आणि आजपासून त्यांचा सकाळचा डबा आमच्या ओट्यावर होतो आहे.

आपली,
एक वाचक गृहिणी
मंगळवार पेठ, कोल्हापूर