सुमे, त्या दाढेबद्दल

प्रिय सुमे,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं. म्हणून पत्र. पूर्ण वाचून होईपर्यंत मला फोन करायचा नाही.

मुक्ताला सहा पूर्ण झाली. तिचे खालचे पुढचे दोन दात पडले, त्याचं घरभर कौतुक झालं, फोटो तुलाही पाठवले होते. त्याच सुमारास मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ आली आणि घरात कुणाला पत्ताच लागला नाही. लागणार कसा? तिच्यासाठी कुठला दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. मागची जागा रिकामीच असते, तिथे ती गुपचूप उगवते. परवा मुक्ता तोंड वासून हसत होती तेव्हा मला दिसली. उजवीकडची अजून अर्धी हिरडीखालीच, आणि खाचेत तपकिरी रेघ. निखिलला दाखवली, तर म्हणाला, "आई, दुधाचीच आहे गं. पडेल आणि नवी येईल."

सुमे, तुझ्या वेळीही हेच म्हणाले होते सगळे. उजवीकडचीच, खालचीच. सहावीत तुझी ती दाढ काढली आणि काकूंनी तुला सांगितलं की नवी येईल. तू किती वाट बघितलीस! मधल्या सुट्टीत मला भिंतीआड न्यायचीस, आ करायचीस आणि विचारायचीस, "टोक दिसतंय का गं?" मी वाकून वाकून बघायचे. काही नसायचं. पुढे मागची दाढ त्या रिकाम्या जागेत कलली, आणि आजही तू डाव्या बाजूनेच चावतेस. निखिलने तुला लहानपणापासून जेवताना पाहिलंय, पण त्याच्या ते कधी लक्षात आलेलं नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितेय.

मी लगेच दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि निखिल-रेवा दोघांनाही बरोबर यायला लावलं. घरी माझ्या तोंडून ऐकलं असतं तर ती सासूची कटकट ठरली असती. डॉक्टरबाई फार गोड. आधी मुक्ताच्या हातात आरसा दिला आणि तिलाच दात मोजायला सांगितले. मग दोघांना म्हणाल्या, ही दाढ कायमची आहे, हिच्यानंतर दुसरी येत नाही. निखिलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कीड अजून आत गेलेली नाही. खाचा बुजवायला सीलंटचा पातळ थर देतात, पण त्यासाठी दाढ कोरडी ठेवावी लागते आणि अर्ध्या उगवलेल्या दाढेवर हिरडी असल्यामुळे ते नीट जमत नाही. म्हणून आत्ता फ्लोराइडचा लेप दिलाय, दाढ पुरती वर आली की सीलंट. तोवर सगळी भिस्त ब्रशवर. आणि तिथेच गोम आहे. ही दाढ शेजारणीपेक्षा बुटकी असते, त्यामुळे नेहमीसारखा मागे-पुढे फिरवलेला ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घालून तिला एकटीला वेगळं घासावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला हे जमेल का, तूच सांग.

मुक्ताचं म्हणणं, "मी मोठी झाले, मीच घासणार." मी म्हटलं, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाचा हात फिरायलाच हवा. तर विचारते, "मग आजी, तुझे कोण घासतं?" आता तडजोड अशी, की आधी ती घासते, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवते आणि मी तपासते. तपासणी म्हटलं की चालतं. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, आणि शेवटी नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. रेवाला हे मुळीच पटेना. ती बिचारी रोज खळखळून चुळा भरायला लावायची. पण फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच कामाचं, ते धुऊन टाकून काय मिळणार?

तुला माझी खरी काळजी अजून कळली नसेल. डावीकडच्या दोन दुधाच्या दाढांच्या मध्ये कीड आहे. बाहेरून काही दिसत नव्हतं, एक्स-रेत दिसली. दुधाच्या दातांचं कवच पातळ, त्यामुळे कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते. निखिल म्हणतो, पडणाऱ्या दातात कशाला भरायचं, दुखलीच तर काढून टाकू. अरे, पण त्या दाढा मुक्ता दहा-बारा वर्षांची होईपर्यंत तोंडात राहणार आहेत! खालून येणाऱ्या दातांची जागा त्याच राखतात. त्यांतली एक आत्ताच काढली तर मागची नवी दाढ पुढे सरकते आणि मग येणाऱ्या दाताला वाटच उरत नाही. डॉक्टरबाईंनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं. तो हो म्हणाला. पण तुला माहीत आहे, तो हो कसा म्हणतो ते.

आणि पुढच्या महिन्यात ते नव्या घरी जाणार. दोघंही कामावरून उशिरा येतात, पोर गाडीतच झोपते. झोपलेल्या मुलीला उठवून दात घासायला कुणाला जीवावर येणार नाही? पण रात्री लाळ कमी होते, दातांची राखण करायला तोंडात कुणी नसतं. एक वेळ सकाळचं राहिलं तर मी काही म्हणणार नाही, रात्रीचं चुकता कामा नये. मला या विचाराने झोप लागत नाही. मी रोज फोन करून "घासले का" विचारलं तर तिकडे भांडणं होतील. म्हणून एक मागणं आहे. रेवा तुझं ऐकते. तुझ्या दाढेचं तूच तिला सांगशील का? सगळं, भिंतीआडच्या त्या तपासणीसकट.

आता आपलं जुनं भांडण. तुझं मत, मुलांना गोड बंदच. माझं मत, द्या, पण जेवणाबरोबर द्या आणि विषय संपवा. किती अबोला धरला होतास त्यावरून! तर ऐक, डॉक्टरबाई माझ्या बाजूने आहेत. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, दाताचं कवच थोडं विरघळतं, आणि लाळेला ते सावरून घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुपारभर एकेक गोळी चघळणाऱ्या पोराच्या दातांना ती उसंतच मिळत नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त बाधतं. हा मुद्दा मी जिंकले. मात्र दुधाच्या बाटलीबद्दल तू म्हणायचीस तेच खरं, बाटली तोंडात ठेवून झोपवणं वाईटच. आणि झोपताना दिलेलं गोड खोकल्याचं औषधसुद्धा ब्रशच्या आधी द्यायचं, नंतर नाही.

रेवाला आणखी एक धसका बसला होता. मुक्ताचा नवा खालचा दात दुधाच्या दाताच्या मागून डोकावला, आणि आला तोही पिवळट, कडेला करवतीसारखा. यात काही बिघडलेलं नाही म्हणे. कायमचे दात दुधाच्या दातांपुढे पिवळेच दिसतात, कडा वापराने झिजतात, आणि जुना दात पडला की जीभ नव्याला पुढे ढकलते.

बाकी आम्ही ठीक. यांचं बीपी औषधावर आहे, माझी कंबर अधूनमधून. भाऊजींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख कळव, मी येते. घराच्या रंगाचं काय झालं? पिवळा नको म्हणून मी सांगितलं होतं, तू लावलाच असशील.

तुझी,
शैला

ता. क. केतकीच्या बाळाला पहिला दात दिसला का? दिसला असेल तर त्या दिवसापासून घासायचा. पेस्ट फक्त तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रश छोट्या डोक्याचा आणि मऊ. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, काही दुखत नसलं तरी. आणि मधूनमधून वरचा ओठ उचलून बघत जा. हिरडीजवळ फिकट पांढरा पट्टा दिसला तर थांबू नका, त्या टप्प्यावर कीड फ्लोराइडने मागे फिरवता येते.