पांढरी पाचच्या जरा वर

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. "जेवलीस का" पासून सुरू होतं आणि "बरं, ठेवतो" वर संपतं. मधे बाबा एकदा विचारून घेतात, की ते संगीताचं आणि ते जंगल-इतिहासाचं असं दोन्ही किती दिवस धरून बसणार, एक काहीतरी नीट धर. मी "बघू" म्हणते. त्या "बघू" च्या पोटात काय आहे ते आज लिहिते.

आधी बाबांची तक्रार. मी पाठवलेल्या संगीताच्या तुकड्यात नुसता पाऊस आहे, दुसरं काही ऐकूच आलं नाही, असं तुम्ही म्हणालात. तो कानाच्या मशीनचा प्रताप आहे. ही मशिनं माणसाचं बोलणं पुढे आणायला केलेली असतात. एकसारखा चालू राहणारा आवाज कानावर आला की तो पंख्याचा नाहीतर रस्त्याचा गोंगाट समजून ती दाबून टाकतात. आणि माझं सगळं संगीतच एकसारखं चालू राहणारं! तेव्हा मशीन काढून ठेवा, कपाटातले मोठे हेडफोन लावा आणि आवाज बेताने वाढवा. रातकिडे तरीही ऐकू येणार नाहीत बहुतेक, वयानुसार वरचे सूर आधी जातात. पण मला जे तुम्हाला ऐकवायचंय ते अगदी खाली आहे, खर्जात.

आई, तू विचारलंस की यात गाणं कधी सुरू होतं. होत नाही गं. तंबोरा लावून ठेवलाय आणि गवई आलाच नाही, असं समज. या प्रकाराला ॲम्बियंट हे नाव ब्रायन ईनो नावाच्या इंग्रज संगीतकाराने १९७८ साली दिलं. लक्ष दिलं तर ऐकण्यासारखं काही सापडावं, नाही दिलं तर खोलीत नुसतं असावं, एवढीच त्याची अट. मला ते आवडतं. आणि त्याच अटीपाशी माझं आणि इतिहासाचं भांडण सुरू होतं.

तो तुकडा मुळशीचा आहे. धरणाच्या पाण्याकाठी एका मैत्रिणीचं घर आहे, तिथल्या पडवीत पावसाळी रात्री रेकॉर्डर लावून बसले होते, बेडकांसाठी. सह्याद्रीत झुडपांत राहणारे बोटाच्या पेराएवढे बेडूक असतात. दिसत नाहीत, पण टिक-टिक-टिक करून रात्र भरून टाकतात. कॉम्प्युटरवर त्या आवाजाचं चित्र काढलं की दिसतं, एका जातीचा आवाज एका पट्ट्यात, दुसरीचा त्याच्या वर, रातकिडे आणखी वर. बर्नी क्राउझ म्हणून एक अमेरिकन आहेत. त्यांचं म्हणणं असं की जुन्या, न मोडलेल्या जंगलात प्रत्येक प्राणी आपापली जागा धरून ओरडतो, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याखाली दबत नाही. हे गृहस्थ आधी सिंथेसायझर वाजवायचे, मग जन्मभर जंगलं रेकॉर्ड करत फिरले. म्हणजे बाबा, दोन्ही धरून बसणारी मी काही पहिली नाही.

तर त्या चित्रात सगळ्यात खाली एक सरळ, जाड रेघ होती. रात्रभर न हललेली. रस्त्यापलीकडच्या डीपीचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, घूं आवाज! असा आवाज गाळून टाकायची सोय असते, सगळे तेच करतात. मीही हात घातला होता, पण मग तुम्ही आठवलात. सबस्टेशनच्या कुंपणापाशी उभं राहून तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं, की वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, प्रत्येक हेलकाव्यात ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड दोनदा ताणतं आणि सुटतं, म्हणून तो सेकंदाला शंभर कंपनांच्या सुरात बोलतो. पेटीवर लावून पाहा. खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, अठ्ठ्याण्णवला येते, म्हणजे डीपी तिच्यापेक्षा जरासा चढा. मी ती रेघ पुसली नाही. उलट बाकीचं सगळं, तंबोऱ्यासारखा मागचा सूर, लांबवलेल्या घंटा, सगळं त्या डीपीला मिळवून घेतलं. पेटीशी ते जुळणार नाही. तुमच्या भजनी मंडळाला कसंतरीच होईल.

का, ते सांगते. मुळशीच्या रात्रीत वीज ही बाहेरून घुसलेली गोष्ट नाही. ते पाणीच विजेसाठी अडवलेलं आहे. मुळा नदीवर टाटांचं धरण आलं ते मुंबईला वीज द्यायला, आणि पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला सोडलं. खोऱ्यातली आंबेमोहराची खाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार हे कळल्यावर मावळ्यांनी १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना "सेनापती" म्हणू लागले ते याच लढ्यात. १९२४पर्यंत तो चालला आणि हरला. मला त्यातला सावकारांचा भाग सगळ्यात जास्त छळतो. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांकडे आणि कसणारी कुळं वेगळी, त्यामुळे मोबदल्यावर समाधान मानणारे एक आणि उठून जाणारे दुसरे. आम्ही पुण्याचे लोक तिथे शनिवार-रविवार "निसर्ग" बघायला जातो. तो तलाव आता निळाशार, पक्षी-बेडकांनी भरलेला आहे हेही खरंच, आणि मला तो मनापासून आवडतो. पण नैसर्गिक म्हणून तो मला विकता येत नाही.

विकायला सांगणारे मात्र भेटतात. ध्यान करायला शिकवणाऱ्या एका ॲपवाल्यांना "सह्याद्रीतली शांत रात्र" हवी होती. कुत्रं नको, माणूस नको, मशीनचा आवाज तर नकोच. पैसे बरे देत होते. मी त्यांना दुसऱ्या जागेचं रेकॉर्डिंग दिलं आणि मुळशीचं ठेवून घेतलं. अगदीच तत्त्वनिष्ठ नाहीये मी, घरभाडं आहे.

याच्याहून अवघड गोष्ट ओव्यांची. आई, हे खास तुझ्यासाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ या अभ्यासकांनी मुळशी-मावळाच्या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात करून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सगळ्या मिळून एक लाखाच्या वर भरल्या, आणि कितीतरी त्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या आहेत. माझ्या ओळखीच्या एकाने सुचवलं, बेडूक आणि पाऊस यांच्या मागे एखाद्या म्हातारीची ओवी अंधूक सोडून दे, काय सुंदर वाटेल. वाटेल, यात शंका नाही. मी करून ऐकलंही. आणि काढून टाकलं. बेडकाकडे कुणी लक्ष दिलं नाही तर त्याचं काही बिघडत नाही. पण पहाटे दळताना बाई स्वतःच्या नावानिशी भावाला, लेकीला, विठ्ठलाला काहीतरी सांगतेय, ते मी कुणाच्या लॅपटॉपमागे भुरभुरायला ठेवू? ओवी ऐकायची तर हातातलं काम सोडून, शब्दासकट. नाहीतर तिला हात लावू नये.

म्हणून आता वाटणी अशी केलीय. रेकॉर्डिंगची मूळ प्रत न कापता, तारीख-वेळ-जागा लिहून वेगळी ठेवते, ती बेडकांच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. संगीतासाठी दुसरी प्रत, तिच्यात मी हवं ते करते. आणि माणसं, जमिनी, खटले, ओव्या यांच्यावर मी लिहिते. त्यांना सूर लावत नाही. डीपी तेवढा दोन्हीकडे आहे. पैशाचं म्हणाल तर माहितीपटांचं ध्वनिसंपादन करते त्यावर घर चालतं, संगीतावर नाही, आणि इतिहासावर तर नाहीच. हे असंच राहील असं दिसतंय, तेव्हा "एक काहीतरी" ची वाट पाहू नका.

आता दोन कामं. बाबा, तुम्ही म्हणायचात की उन्हाळ्यात लोड वाढला की वीज पन्नासवर टिकायची नाही, एकोणपन्नासच्याही खाली उतरायची. म्हणजे तेव्हाचा डीपी पांढरी पाचच्या खाली बोलत असणार! तुम्ही ड्यूटीवर असताना संध्याकाळी मीटरवर साधारण किती दिसायचं, वर्षावार आठवेल तसं लिहून ठेवा. जोशीकाकांनाही विचारा. त्या त्या वर्षाचा सूर लावून तोच तुकडा पुन्हा करायचाय.

आणि आई, आजीच्या तुला येतात तेवढ्या ओव्या वहीत उतरव. दिवाळीच्या आधी चार दिवस राहायला येते, तेव्हा रेकॉर्ड करू. त्या फक्त आपल्यासाठी. जात्यावर बसायचा हट्ट करू नकोस, खुर्चीत बसून म्हण. गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, येताना आणते. चिठ्ठीचा फोटो तेवढा पाठव.

तुमची,
मनू