पहिल्या फ्रॅक्चरच्या वेळी न विचारलेला प्रश्न

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र शासन, यांस,

सादर नमस्कार.

माझी आई ७२ वर्षांची असताना स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. एका रुग्णालयात सहा आठवडे प्लास्टर झाले, हात पुन्हा हलू लागला आणि आम्ही तो प्रसंग विसरलो. उभ्या उभ्या पडण्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही, मोडलेच तर ते ठिसूळ झाले असण्याची, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस या आजाराची, शंका घ्यावी, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. अडीच वर्षांनी ती पहाटे मोरीत पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी पाच दिवस थांबावे लागले. तेवढ्यात पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला. ती पुन्हा अंगणापर्यंत चालत आली नाही आणि सात महिन्यांनी गेली.

हे केवळ आमच्या घरचे दुःख असते तर मी आपल्याला लिहिले नसते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, आणि जे वाचतात त्यांतल्या अनेकांना त्यानंतर आधाराशिवाय चालता येत नाही. मणक्याचे फ्रॅक्चर तर बहुतेक वेळा कळतच नाही. पाठ दुखते, उंची कमी होते, पोक येतो आणि घरचे म्हणतात, वय झाले.

हाडे ठिसूळ होण्याच्या या आजारावरची औषधे नवी नाहीत. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड, मूत्रपिंडाची तपासणी करून आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढून दिले, तर पुढच्या फ्रॅक्चरचा धोका बराच कमी होतो. अडचण अशी की प्लास्टर घालणाऱ्या विभागाचे काम प्लास्टर काढल्यावर संपते आणि त्यापुढचे काम कोणाचेच नसते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९९९ च्या सुमारास हे काम एका परिचारिकेवर सोपवण्यात आले: पन्नाशीपुढील प्रत्येक फ्रॅक्चरच्या रुग्णाला गाठायचे, हाडांची तपासणी करवून घ्यायची आणि औषध सुरू झाले की नाही हे पाहायचे. आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात अशी एक प्रशिक्षित परिचारिका नेमावी, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र नसले तरी खुबा किंवा मणका मोडलेल्या वृद्धाचे औषध त्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी विनंती पैशांसंबंधी आहे. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान कार्डाखाली पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, त्याबद्दल मनापासून समाधान आहे. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. खुबा मोडल्यावर शस्त्रक्रियेला पैसे आणि तो मोडू नये म्हणून लागणारी गोळी मात्र पदरमोड करून, ही उलटी व्यवस्था आहे. ही औषधे बाह्यरुग्ण विभागात नियमित आणि विनामूल्य मिळावीत.

शस्त्रक्रियेच्या विलंबाबाबतही नियम हवा. इंग्लंडमध्ये २०१० पासून, ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि हाडांची व पडण्याच्या कारणांची तपासणी अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला अधिक मोबदला दिला जातो. आपल्या योजनांच्या देयकांतही अशी अट घालता येईल. निदान प्रत्येक रुग्णालयात दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती तास गेले, याची नोंद तरी आजपासून ठेवावी.

या तिन्ही विनंत्यांवर आपल्या विभागाने काय ठरवले, ते लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक मुलगी